‘बूट’ : शब्द एक की दोन?

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून :
संगणक ‘बूट होतो’, म्हणजे सुरू होतो, याचा पायातल्या बुटाशी काय संबंध, असे माझ्या शिकवणीतल्या एका मुलाने विचारले. संबंध आहे, आणि तो मुलांना सांगितलाच पाहिजे, असे माझे मत आहे. उंच बूट पायात चढवताना ओढता यावा म्हणून त्याच्या मागच्या कडेला एक पट्टा शिवलेला असतो. इंग्रजीत त्याला ‘बूटस्ट्रॅप’ म्हणतात. आपल्याच बुटाचा पट्टा ओढून स्वतःला वर उचलायचे, या अशक्य कल्पनेवरून तिकडे वाक्प्रचार रूढ झाला. १९५०च्या दशकात, एक छोटी आज्ञावली (प्रोग्रॅम) स्वतःहून मोठी आज्ञावली संगणकाच्या स्मृतीत आणते, त्या क्रियेला हाच शब्द मिळाला आणि पुढे त्यातला ‘बूट’ तेवढा उरला. आपण जिला डिकी म्हणतो तिलाही ब्रिटनमध्ये बूटच म्हणतात.

मंगळवार पेठेतून :
मला हे मान्य नाही, कारण असे सांगितले की मुले प्रत्येक ‘बूट’ पादत्राणाशी जोडू लागतात. इंग्रजीत ‘टू बूट’ म्हणजे ‘शिवाय, वर आणखी’. यातला बूट जुन्या इंग्रजीतल्या लाभ, भरपाई अशा अर्थाच्या शब्दापासून आला, तर पायातला बूट जुन्या फ्रेंचमधून. आपल्याकडेही वहाण ‘उपानह्’पासून आणि वाहन ‘वह्’ धातूपासून आले. उच्चार जवळचे म्हणून कोणी त्यांना भावंडे म्हणत नाही. शिवाय कोल्हापूरच्या मुलाला चपलेचा कान आणि अंगठा ठाऊक असतो, बुटाचा तो पट्टा नव्हे. त्याला ‘संगणक सुरू होतो’ एवढे सांगणे पुरे.

राजारामपुरीतून :
‘टू बूट’बद्दलचा आपला मुद्दा बिनतोड आहे, ती नोंद कोशात वेगळीच हवी. ‘सुरू होणे’ मात्र पुरत नाही, कारण बटण दाबले की पंखाही सुरू होतो; छोट्याने मोठ्याला उठवण्याची गंमत त्या शब्दांत येत नाही. गोंधळाचे म्हणाल, तर ‘जोडा’ म्हणजे मुळात जोडी. तोच शब्द पायात आला आणि ‘नवराबायकोचा जोडा’ असे म्हणताना कोणाचा गोंधळ होत नाही. चपलेचा कान ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला बुटाचा पट्टा दाखवला की पुरे.

मंगळवार पेठेतून :
दाखवा, पण शेजारी ‘टू बूट’ही फळ्यावर लिहा.