मदत हवी आहे: बाबांचं तोंड कमी उघडतं, तुटलेल्या दाढेचं माप स्कॅनरने घेता येईल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही पांढरकवडा तालुक्यातले. बाबा 58 वर्षांचे आहेत. खालच्या डाव्या दाढेला कीड होती, त्यात खर्ऱ्यातली (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणातली) सुपारी फोडताना दाढेची जिभेकडची बाजू हिरडीपर्यंत तुटली. रूट कॅनल झालं, ठणका थांबला. आता डॉक्टर म्हणतात कॅप लावून घ्या, नाहीतर उरलेली दाढ उभी चिरेल आणि मग काढावीच लागेल.

घोडं अडलंय मापावर. बाबांचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. मापाचा लगदा भरलेला ट्रे मागच्या दाढेपर्यंत गेलाच नाही, डॉक्टरांनी जरा जोर दिला तर उमासे येऊन डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून बाबांचं एकच पालुपद: "थो लगदा तोंडात कोंबला का माहा जीव घाबरते. राहू दे थे दाढ तशीच." पण एका बाजूने जेवणारा माणूस रोज पाहवत नाही. भाकर दुधात कुस्करून खातात, तीही उजव्या बाजूनेच.

डॉक्टर चांगले आहेत. त्यांनीच सुचवलं की नागपुरात तोंडात कॅमेऱ्याची कांडी फिरवून माप घेतात, लगदा लागत नाही. नागपूर आम्हाला दीडशे किलोमीटरच्या आसपास पडतं आणि सध्या कापूस वेचणी जोरात आहे. मला विचारायचंय ते हे: इतक्या कमी उघडणाऱ्या तोंडात ती कांडी जाते का? अशी कॅप साध्या कॅपइतकी टिकते का? आणि तालुक्याच्या ठिकाणी राहूनच हे काम होण्यासारखं आहे का? कोणी घरच्यांचं करून घेतलं असेल तर जरूर लिहा.

प्रतिसाद 1 (नागपुरात डेंटल लॅबमध्ये काम करतो)

भाऊ, तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. कॅप कॉम्प्युटरवर बनवायची तर तोंडातच स्कॅन झालं पाहिजे असं नाही. गावोगावचे डॉक्टर रबर बेसचं (रबरासारख्या घट्ट होणाऱ्या मटेरियलचं) माप पाठवतात, आम्ही त्यावरून प्लास्टरचा साचा काढतो आणि तो साचा लॅबच्या स्कॅनरमध्ये ठेवतो. पुढचं सगळं काम सारखंच. अल्जिनेटचं (पाण्यात कालवलेल्या पावडरच्या लगद्याचं) माप मात्र पार्सलने पाठवू नका, ते सुकून आकसतं, त्यात आपल्याकडचं ऊन. रबर बेस बरेच दिवस माप धरून ठेवतं.

झिरकोनियाची (पांढऱ्या, सिरॅमिकसारख्या मटेरियलची) कॅप आधी खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून मशीनवर कोरली जाते. ती मुद्दाम वीस-पंचवीस टक्के मोठी कोरतात. मग 1500 अंशांच्या आसपास भट्टीत भाजली की आकसून नेमक्या मापाची आणि अतिशय कडक होते. मागच्या दाढेसाठी हे मटेरियल मजबूत आहे. पण दाढेची कडा, म्हणजे कॅप जिथे येऊन टेकते ती रेघ, मापात नीट आलेली नसेल तर मशीन बिचारी चुकीच्या कडेवरच कॅप कोरते. मग फट राहते, फटीत अन्न अडकतं आणि आतून पुन्हा कीड लागते. म्हणून कॅप किती टिकेल हे पाहायचं तर स्कॅनरच्या नावापेक्षा ती कडा पाहावी.

तुमच्याकडे मात्र ट्रेच जात नाही, त्यामुळे तोंडातल्या स्कॅनचा विचार रास्त आहे.

प्रतिसाद 2 (दंतवैद्य, वर्धा जिल्हा)

दादा, कॅपचं बोलू, पण त्याआधी दुसरं काहीतरी तपासा. निरोगी मोठ्या माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी मावतात. बाबांना तिखट लागलं की आग होते का? गाल आतून पांढुरके, कडक झालेत का, बोट फिरवलं तर दोरीसारखे पट्टे लागतात का? खर्रा खाणाऱ्यांमध्ये सुपारीमुळे होणारा हा आजार (सबम्युकस फायब्रोसिस) आपल्याकडे फार दिसतो, आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. दाढ थोडी थांबेल, ही तपासणी थांबवू नका. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे) इथलं दंत महाविद्यालय, जवळ पडेल तिथे न्या. खर्रा आजच बंद. हे रागावून नाही, कळकळीने सांगतोय.

आता स्कॅनर. कांडीच्या टोकालाही जागा लागते, काही कंपन्यांची टोकं लहान असतात. ट्रेपेक्षा सोपं एवढ्यासाठी की वरचा जबडा, खालचा जबडा आणि दात मिटलेले असं तुकड्यातुकड्याने टिपता येतं. मध्ये थांबून चूळ भरता येते, श्वास घेता येतो. उमासे येणाऱ्यांना याचा खरोखर उपयोग होतो. पण गाल कडक असेल तर दाढेच्या बाहेरच्या बाजूला कांडी फिरवणं अवघड जातं. शिवाय दाढ घासायला ड्रिलही मागपर्यंत जायला हवं, ते काम स्कॅनर करत नाही. तोंड उघडण्याचे व्यायाम आणि उपचार आधी झाले तर दोन्ही सोपं होईल.

आणखी एक. जिभेकडची बाजू हिरडीपर्यंत तुटलीय म्हणता. कॅपला पकडायला चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर निरोगी दात वर असायला हवा. कडा हिरडीखाली असेल तर कॅमेऱ्याला ती दिसत नाही. लाळ किंवा रक्त असलं तरी चित्र बिघडतं. अशा वेळी हिरडी थोडी कमी करतात किंवा दोरा घालून बाजूला सारतात.

धागाकर्ता

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. आग होते, हो. आम्ही ती आम्लपित्ताची समजत होतो. गालही कडक लागतो. बाबांना तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत, पण यायला तयार झालेत. वेचणीचं काका पाहतील. सोबत काय काय न्यायचं?

प्रतिसाद 2

रूट कॅनलचे एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या, आधार कार्ड. शुगर-बीपी असेल तर ते कागदही. सकाळच्या ओपीडीला पोहोचा, आणि केसपेपर काढतानाच सांगा की तोंड उघडत नाही, म्हणजे आधी योग्य विभागात पाठवतील. कॅपचं तिथेच विचारा. तोवर त्या दाढेवरची तात्पुरती भरण निघाली तर लगेच तुमच्या डॉक्टरांकडून पुन्हा भरून घ्या.