मदत हवी आहे: वर्षात तिसऱ्यांदा लघवीचं इन्फेक्शन

मैत्रिणींनो, विषय जरा खासगी आहे, पण लाजून बसले तर पुन्हा तेच व्हायचं. मी साडीच्या दुकानात सेल्सला आहे, सकाळी १० ते रात्री ९. बाथरूम मागच्या जिन्याखाली, कुलूपबंद. किल्ली मालकांच्या गल्ल्यात. गिऱ्हाइकांसमोर किल्ली मागायला नको म्हणून मी पाणीच पीत नाही. अर्ध्या लिटरची बाटली रात्री अर्धी तशीच घरी येते. चहा मात्र चार-पाच कप होतो!

लघवीला जळजळ, सारखी घाई, आणि गेलं की चार थेंब. लघवीच्या कल्चर तपासणीत ई. कोलाय नावाचा जंतू निघाला. अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण केलाय. डॉक्टर म्हणाल्या, पाणी वाढवा, लघवी धरून ठेवू नका. २०१८ च्या एका अभ्यासाबद्दलही वाचलं: कमी पाणी पिणाऱ्या बायकांनी रोज दीड लिटर जादा प्यायल्यावर हा त्रास जवळपास निम्म्यावर आला. पटतं हो, पण जायचं कुठे?

दिवसभर उभ्याने काम करणाऱ्यांनी सांगा, पाण्याच्या वेळा कशा बसवल्यात? सासूबाई धन्याचं पाणी देतात, ताई म्हणते क्रॅनबेरीच्या गोळ्या घे. कुणाला खरंच फरक पडला का? आणि मालकांकडे दुसरी किल्ली मागायची कशी, तेही सुचवा.