शेवटच्या फेऱ्यांतली पारख की कावळा-फांदीची गाठ? नाइनर्सच्या ड्राफ्टविषयी (मे २०२५ मधली चाहत्यांची चर्चा)

मूळचा सांगलीकर

ब्रॉक पर्डीचा नवा करार (पाच वर्षे, साडेसव्वीस कोटी डॉलर) जाहीर झाल्यापासून सांता क्लारा परिसरातल्या आपल्या नाइनर्सप्रेमी (सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या चाहत्या) मंडळींत एकच सूर ऐकू येतो आहे. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटच्या, म्हणजे २६२ व्या क्रमांकावर निवडलेला मुलगा आज संघाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल रचणारा मुख्य खेळाडू) आहे, तेव्हा जनरल मॅनेजर जॉन लिंच आणि प्रशिक्षक काइल शॅनहन यांनी गेल्या महिन्यात चौथ्या ते सातव्या फेरीत घेतलेल्या सात जणांविषयी शंका घेण्याचे कारणच उरत नाही, असे सांगितले जाते. मला हा तर्क मान्य नाही.

ज्यांचा संबंध फक्त क्रिकेटशी आहे त्यांच्यासाठी दोन वाक्ये. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखा लिलाव नव्हे. तिथे बोली लागत नाही, तर आदल्या मोसमात तळाला राहिलेल्या संघाला पहिला मान, या क्रमाने बत्तीस संघ सात फेऱ्यांत महाविद्यालयीन खेळाडू निवडतात. चौथ्या फेरीपासून पुढचा सारा मामला म्हणजे उठत्या बाजारातली भाजी: स्वस्त मिळते, पण ताजी भाजी सकाळीच उचलली गेलेली असते.

आता पर्डीकडे वळू. २०२२ साली नाइनर्सकडे नऊ निवडी होत्या आणि पर्डी त्यांतला नववा होता. त्याच्याआधी ९३ व्या क्रमांकावर टायरियन डेव्हिस-प्राइस आणि १०५ व्या क्रमांकावर डॅनी ग्रे यांच्यासह आठ जण घेतले गेले, आणि हे दोघेही आज संघात नाहीत. ज्याला हिरा ओळखता येतो तो आठ वेळा त्याच्यावरून हात फिरवून शेजारचा दगड उचलत नाही. शिवाय पर्डीला मैदानात उतरवण्यासाठी त्याच्या पुढे असलेल्या दोन क्वार्टरबॅकांपैकी आधी सप्टेंबरात ट्रे लान्सचा घोटा आणि मग ४ डिसेंबरला मायामीविरुद्ध जिमी गॅरोपोलोचे पाऊल मोडावे लागले. याला पारख म्हणायचे असेल तर कावळा बसला आणि फांदी मोडली यालाही सुतारकाम म्हणावे लागेल.

या कौतुकाआड काय झाकले जाते, ही माझी खरी तक्रार आहे. २०२१ मध्ये लान्सला घेण्यासाठी निवडक्रमात तिसऱ्या क्रमांकावर जाताना संघाने आपला १२ वा क्रमांक, पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीतील निवडी आणि वर एक तिसऱ्या फेरीची निवड मायामीला दिली, आणि त्या बदल्यात लान्सने नाइनर्सकडून सुरुवातीपासून खेळलेले सामने भरले चार. २०२३ मध्ये तो डॅलसला चौथ्या फेरीच्या एका निवडीवर गेला. अशा व्यवहारानंतर व्यवस्थापनाला जाब विचारायला हवा होता. त्याऐवजी पर्डीचे नाव पुढे केले की सगळे गप्प होतात.

आकडेमोड

लान्सचा व्यवहार चुकला यावर वाद घालण्याची माझी इच्छा नाही. परंतु तुम्ही एकट्या पर्डीवरून निष्कर्ष काढला आहे आणि तोच दोष समोरच्यांना देत आहात. मी २०१७ ते २०२४ या लिंच-शॅनहन काळातल्या चौथ्या ते सातव्या फेरीतल्या सर्व निवडी मोजल्या. त्या ४० भरतात. त्यांतल्या ११ एकट्या पाचव्या फेरीतल्या आहेत, आणि त्या ११ मध्ये जॉर्ज किटल (१४६), डी. जे. रीड (१४२), ड्री ग्रीनलॉ (१४८), कोल्टन मॅकिव्हिट्झ (१५३), डिओमोडोर लेनॉर (१७२) आणि टलानोआ हुफांगा (१८०) ही सहा नावे आहेत. हे सहाही जण या लीगमध्ये नियमित सुरुवातीपासून खेळणारे झाले. रीडचे भाग्य दुसऱ्या संघात उजळले, हे मी लपवत नाही. किटल २०१९ आणि २०२३ साली, तर हुफांगा २०२२ साली ऑल-प्रोच्या (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीच्या) पहिल्या संघात निवडला गेला. ग्रीनलॉने २०१९ च्या शेवटच्या साखळी सामन्यात सिॲटलच्या खेळाडूला गोलरेषेच्या काही इंच अलीकडे आडवा पाडला नसता, तर त्या वर्षी कॉन्फरन्समधले (लीगच्या दोन गटांपैकी आपल्या गटातले) अव्वल मानांकन हातचे गेले असते. एकदा फांदी मोडली तर आपण कावळ्याचे नाव घेऊ. अकरा वेळा बसून सहा फांद्या मोडणाऱ्या कावळ्याच्या चोचीत करवत आहे का, हे तरी तपासायला हवे.

किटलचेच उदाहरण घ्या. आयोवा विद्यापीठात संपूर्ण कारकिर्दीत त्याने अवघे ४८ झेल घेतले होते, म्हणून बाकीचे संघ थांबले. शॅनहनला मात्र असा टाइट एंड हवा होता जो आधी समोरच्याला ढकलून वाट मोकळी करील आणि मग चेंडू घेऊन पळेल. झेलांचा आकडा कमी होता कारण आयोवाचा संघ चेंडू हवेतून कमी फेकायचा. किटलचे हात कमी पडत होते म्हणून नव्हे. ही गोष्ट चित्रफिती बारकाईने पाहणाऱ्यालाच कळते, आणि तिला मी पारख म्हणते.

राहिला प्रश्न आठ वेळा वगळण्याचा. ज्या वस्तूला बाजारात दुसरे गिऱ्हाईकच नाही, ती कोणी पहाटे सहाला जाऊन चढ्या भावाने घेत नाही. आणि भाव ही इथे किरकोळ बाब नाही. नवोदितांचे वेतन क्रमांकानुसार ठरलेले असते आणि तीन मोसम पूर्ण होईपर्यंत करार बदलता येत नाही. त्यामुळे २०२३ च्या मोसमात, ज्याच्या शेवटी संघ सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, पर्डीचे मूळ वेतन ८ लाख ७० हजार डॉलर होते. क्वार्टरबॅकवर वाचलेल्या त्याच पैशावर त्याच वर्षी निक बोसाचा पाच वर्षांचा १७ कोटींचा करार पेलता आला.

मूळचा सांगलीकर

तुमची मोजणी मी पडताळून पाहिली आणि ती बरोबर आहे. पण त्याच यादीत माझा मुद्दा दडला आहे, तो तुम्ही अलगद ओलांडलात. चौथी फेरी पाचवीच्या आधी येते. म्हणजे तिथे पर्याय अधिक चांगले असतात. त्या फेरीत या जोडीने आठ वर्षांत सात जण निवडले. त्यांत २०१७ चा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) जो विल्यम्स आहे, जो साखळीतला एकही सामना न खेळता बाहेर पडला. २०१९ मध्ये ११० व्या क्रमांकावर त्यांनी एक पंटर (लाथेने चेंडू दूर मारणारा) घेतला. मिच विश्नाउस्की चांगला पंटर होता, पण त्या क्रमांकावर पंटर घेणे म्हणजे पंगतीत चटणीसाठी वेगळे ताट मांडण्यासारखे आहे. पारख खरोखर असेल तर वरची फेरी खालच्या फेरीपेक्षा कोरडी का राहावी? पारख ही काही पाचवी फेरी सुरू झाल्यावर अंगात येणारी देवी नव्हे.

आणि संघाच्या ज्या माजी सहायक जनरल मॅनेजर ॲडम पीटर्स यांचा या निवडींत मोठा वाटा मानला जातो, ते २०२४ मध्ये वॉशिंग्टनचे जनरल मॅनेजर होऊन निघून गेले. पूर्वीच्या यशावर या वर्षीच्या सात जणांना उधार देताना सावकार तोच आहे का, हेही पाहायला नको का?

आकडेमोड

चौथ्या-पाचव्या फेरीतला फरक मलाही खटकला होता, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर त्याचे पूर्ण समाधान होईल असे उत्तर माझ्याकडे नाही. माझा अंदाज एवढाच आहे की चौथ्या फेरीत ही जोडी भुकेपोटी निवड करते. जो विल्यम्स हा लिंच यांच्या यादीतून बाद झालेला होता आणि शॅनहन यांच्या आग्रहाखातर परत आला, ही गोष्ट त्यांनी स्वतःच नंतर उघडपणे सांगितली आहे. पंटर हीदेखील गरजच होती. पाचव्या फेरीला पोहोचेपर्यंत हट्ट संपलेले असतात आणि स्काउटांनी केलेली यादी उरते. मात्र सातांपैकी मलिक मुस्तफाला तुम्ही कोरड्यात टाकलेत हे अन्यायाचे आहे. तो २०२४ मध्ये पहिल्याच मोसमात बहुतेक सामने सेफ्टी (बचावफळीत सर्वांत मागे खेळणारा) म्हणून सुरुवातीपासून खेळला.

पीटर्स यांच्याविषयीचा मुद्दा योग्य आहे.

तिसरा डाऊन

अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर आणि केड मॅसी यांनी या विषयाचा अभ्यास केलेला आहे. एकाच जागेवर खेळणाऱ्या, लागोपाठ निवडलेल्या दोघांपैकी आधी निवडलेला सरस ठरण्याची शक्यता नाणेफेकीहून जेमतेम जास्त निघते. मग दोन्ही बाजूंनी एवढी शाई कशाला? ज्याला तिकिटे जास्त त्याला सोडत लागण्याची संधी जास्त. यंदा आपल्याकडे अकरा तिकिटे होती, हीच काय ती बातमी. ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ‘ब उणे’ आणि ‘क अधिक’ असे गुण वाटणाऱ्यांना मी परीक्षेआधी निकाल लावणारे मास्तर म्हणतो.

कँडलस्टिकचा म्हातारा

मी १९८० साली दादरहून इकडे आलो तेव्हा ड्राफ्टच्या बारा फेऱ्या असत. १० जानेवारी १९८२ रोजी डॅलसविरुद्ध शेवटच्या मिनिटात हवेत झेपावून ज्याने चेंडू पकडला, तो ड्वाइट क्लार्क १९७९ च्या दहाव्या फेरीत २४९ व्या क्रमांकावर घेतलेला होता. प्रशिक्षक बिल वॉल्श त्याला पाहायला गेलेच नव्हते. ते क्लेमसन विद्यापीठाचा क्वार्टरबॅक स्टीव्ह फुलर याची चाचणी घ्यायला गेले होते, आणि फुलरने फेकलेले चेंडू पकडायला कोणीतरी हवे म्हणून क्लार्क समोर उभा होता. फुलर आपल्याला मिळालाच नाही, क्लार्क मिळाला. यात नशीब किती आणि नजर किती, हे तुम्ही दोघांनी भांडून ठरवा. मला दोन्ही दिसतात.

माझा मुद्दा निवडीपेक्षा राखणीचा आहे आणि त्यावर इथे कोणी बोललेले नाही. डी. जे. रीडला २०२० च्या ऑगस्टमध्ये, तो छातीच्या स्नायूच्या दुखापतीने आजारी असताना, आपल्या संघाने यादीतून काढले आणि सिॲटलने त्याला लगेच उचलले. पुढे तो लीगमधल्या चांगल्या कॉर्नरबॅकपैकी (झेल घेणाऱ्यांना रोखणाऱ्या बचावपटूंपैकी) एक झाला. दैव देते आणि कर्म नेते, ते हे. त्याच्याच पुढच्या महिन्यात सातव्या फेरीतला जवान जेनिंग्ज (नावाने अगदी आपल्याकडचा वाटतो) यालाही काढले होते. त्याला मात्र इतर ३१ संघांपैकी कोणीही घेतले नाही, म्हणून तो सराव संघात परत आला आणि २०२४ मध्ये त्याने ९७५ यार्ड मिळवले. एकाच संघाने, काही आठवड्यांच्या अंतराने, दोघांना सोडले. एक गेला आणि एक उरला. ५३ जणांच्या यादीत जागा कोणासाठी ठेवायची हा निर्णय ड्राफ्टच्या दिवशी होत नाही, आणि तो चुकला तर चाहत्यांना त्याची आठवणही राहत नाही. आता हुफांगा आणि ग्रीनलॉ दोघेही डेनव्हरला गेले आहेत. पाचव्या फेरीत पिकवायचे आणि ऐन मोसमात दुसऱ्याच्या खळ्यावर पोहोचवायचे, असे हे चालले आहे.

आकडेमोड

काका, ते खळ्यावर जाणे अटळ आहे. पर्डीला वर्षाला सरासरी ५ कोटी ३० लाख द्यायचे आणि संघाची वेतनमर्यादा २७ कोटी ९२ लाखांची, मग पाचव्या फेरीतला खेळाडू महाग झाला की त्याला निरोप देऊन पुन्हा पाचव्या फेरीकडे जाणे एवढेच हातात राहते. रीडबाबत मात्र मी तुमच्या बाजूची आहे.

मूळचा सांगलीकर

म्हाताऱ्याबुवांचे म्हणणे मला सर्वांत जास्त पटले, कारण त्यात व्यवस्थापनाच्या चुकीला चूक म्हटलेले आहे. तरीही माझा मूळ आक्षेप शिल्लक आहे: आपण सर्व जण निकाल लागल्यावर पारख ओळखतो. म्हणून माझी आकडेमोड यांना विनंती आहे की यंदाच्या सातांपैकी एक नाव आजच, मेमध्ये, कारणासह लिहून ठेवा. कॉनर कोल्बीचे नाव मात्र घेऊ नका. तो २४९ व्या क्रमांकाचा आहे आणि वरचा क्लार्कचा किस्सा वाचल्यावर त्याच्यावर पैज लावणे ही पारख नसून भक्ती होईल.

आकडेमोड

कोल्बीचा मोह खरोखरच होता. त्यातून तो किटलच्याच आयोवाचा. पण मी मार्केस सिगल याचे नाव लिहिते: कॅन्सस स्टेटचा सेफ्टी, पाचवी फेरी, १६० वा क्रमांक. हुफांगाची जागा रिकामी आहे, मुस्तफा गुडघ्याच्या दुखापतीतून सावरतो आहे, मुलगा वेगवान आहे, आणि प्रशिक्षक रॉबर्ट सालेह बचावाची सूत्रे पुन्हा हाती घेत असल्यामुळे नवोदितांना कोऱ्या पाटीवर संधी मिळेल. मोसमाच्या पहिल्या महिन्यात तो सुरुवातीपासून खेळताना दिसला नाही, तर मी चुकले असे इथेच येऊन लिहीन. आता तुम्ही तुमचे नाव लिहा.

मूळचा सांगलीकर

माझे नाव कर्टिस रोर्क, पण उलट बाजूने. २२७ व्या क्रमांकावर घेतलेला हा क्वार्टरबॅक इंडियानाकडून अख्खा मोसम गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेल्या अवस्थेत खेळला, याचे मला मनापासून कौतुक आहे. तरी त्याला घेण्यामागे दुसरा पर्डी सापडेल ही आशा सोडून काही कारण मला दिसत नाही. तो या संघासाठी साखळीतला एकही सामना सुरुवातीपासून खेळणार नाही, असे मी लिहून ठेवतो.

कँडलस्टिकचा म्हातारा

दोन्ही नावे वहीत टिपली आहेत. क्लार्कचा आकडा पुन्हा आलाच आहे, तर माझे पाच डॉलर कोल्बीवर. मला भक्त म्हणायला हरकत नाही.