मदत हवी आहे: ब्रिटनीच्या किनाऱ्यावर १० मिनिटं बोलायचंय, मासे सांगू की डुकरं?

नमस्कार मंडळी, मी सध्या फ्रान्समध्ये रेनला असते, पुढच्या गुरुवारी फ्रेंचची तोंडी परीक्षा आहे आणि मला विषय आलाय ब्रिटनीचा, म्हणजे फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या विभागाचा, भूगोल आणि अर्थव्यवस्था. मला वाटलं सोप्पंय, मी वेंगुर्ल्याची, समुद्र, मासे, होड्या, झालं काम! वाचायला बसले आणि गाडी भलतीकडेच गेली.

म्हणजे मासे आहेतच, लोरियांचं बंदर आहे, दुआर्नने-कॉन्कार्नोला तारली डबाबंद करायचे कारखाने, कांकालला कालवं. पण फ्रान्समधली निम्म्याहून जास्त डुकरं एकट्या ब्रिटनीत पाळतात! वर रोस्कॉफच्या पट्ट्यात फ्लॉवर, आर्टिचोक (मोठ्या कळीसारखी भाजी), गुलाबी कांदा, कारण समुद्रामुळे थंडी बेताची आणि भाजी हिवाळ्यातही निघते. मग मुख्य काय धरू?

भरती-ओहोटी मात्र ठेवणारच. सां-मालोला ओहोटीच्या वेळी ग्राँ-बे बेटावर चालत गेले, आपल्याला समुद्र काय नवीन म्हणून आरामात बसले, परत येताना वाटेवर पाणी चढलेलं, बूट हातात आणि जीन्स गुडघ्यापर्यंत ओली. तिथे उधाणाला १२-१३ मीटरचा फरक पडतो हो, आपल्याकडे दोन-अडीच! त्याच पाण्यावर जवळच रान्स नदीच्या मुखाशी १९६६ पासून वीज बनते, २४० मेगावॅटचा प्रकल्प आहे.

अजून दोन शंका. किनाऱ्यावर हिरवं शेवाळ साचतं ते समुद्राच्या मुद्द्यात घालू की शेतीच्या? आणि गेरांदची मिठागरं घेऊ का, सरकारी नकाशात ती शेजारच्या विभागात आहेत पण लोक ब्रिटनीचीच म्हणतात.

प्रतिसाद: अगं मासे की डुकरं करत बसू नकोस, फेरीबोटीपासून सुरू कर. १ जानेवारी १९७३ ला ब्रिटन कॉमन मार्केटमध्ये (आताच्या युरोपियन युनियनचं जुनं रूप) आलं आणि लगेच रोस्कॉफ-प्लिमथ बोट सुरू झाली. ती कोणी काढली माहितेय? तिथल्या भाजीवाल्या शेतकऱ्यांनी, फ्लॉवर-आर्टिचोक इंग्लंडात विकायला! तीच आजची ब्रिटनी फेरीज. शेतीही आली, समुद्रही आला.

शेवाळ शेतीच्या मुद्द्यातच घाल. डुकरांचं शेण-मूत आणि खतं शेतात पडतात, जास्तीचं नायट्रेट नदीतून उथळ खाडीत उतरतं, तिथे शेवाळ माजतं. सडलं की त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो, २००९ मध्ये सां-मिशेल-आं-ग्रेव्हला एक घोडा मेला त्याने. मिठागरं एका वाक्यात उरक, पण हे सांग की राजाच्या काळात ब्रिटनीला मिठावरचा कर माफ होता, म्हणून तिथे लोणी अजून खारंच खातात. बाईंना आवडेल.

धागाकर्ती: बोट फायनल! फ्लॉवरला शू-फ्लर म्हणायचंय, सकाळपासून घोकतेय, तोंडात शू-फ्लावरच येतंय.