शब्द रुक्ष, चाल मात्र रडवणारी

शब्द कळत नसतील तर नुसत्या चालीने कसली आलीये भक्ती, असं काहीजण म्हणतात म्हणून लिहितोय. ज्यूंची कोल निद्रे ही प्रार्थना ऐका एकदा. योम किप्पुरचा (ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा) उपास सुरू होतो त्या संध्याकाळी म्हणतात, भाषा बहुतेक अरामी, आणि मजकूर काय तर देवापुढे केलेले नवस, शपथा रद्द समजा, म्हणजे चक्क वकिली ड्राफ्ट! बॅबिलोनच्या काही जुन्या धर्मपंडितांना तो पटलाही नव्हता. पण अश्केनाझी (म्हणजे मध्य-पूर्व युरोपातल्या परंपरेच्या) ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनागृहात, तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या छातीशी धरून लोक उभे असतात आणि हझान, म्हणजे प्रार्थना गाणारा, पहिल्यांदा अगदी दबकत म्हणतो, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने, तिसऱ्यांदा खुल्या आवाजात, की एरवी कधी न फिरकणारे पण त्या दिवशी येतात. जर्मन संगीतकार मॅक्स ब्रुख तर ज्यू नव्हता, तरी त्याने ही चाल घेऊन चेलोसाठी रचना केली.

हसीदी हा ज्यूंचा भक्तिमार्गी पंथ, ते लोक तर अजून पुढे गेले, त्यांच्या कित्येक निगुनमध्ये (भक्तीच्या चालींमध्ये) शब्दच नसतात, नुसतं याय-दाय-दाय, तेच तेच, तंद्री लागेपर्यंत. आपल्या आलापीसारखं, फक्त सगळे मिळून, आणि टेबलावर हात आपटत. (शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, पारंपरिक ज्यू वाद्य वाजवत नाहीत, त्यामुळे सगळा भार गळ्यावरच.)

आणि लांब कशाला, आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, बेने इस्राएल, मलिद्याच्या विधीला पोहे-खोबऱ्याचं ताट समोर ठेवून एलियाहू हनाबी हे प्रेषित एलियाहूचं गाणं म्हणतात ना, ते हिब्रूच आहे.