कॉलम लावला आणि कीर्तन मेलं, म्हणे!

तारवाला:
सप्तेकरींनी परवा रात्री टाकलेलं मी सकाळी चहा पिताना वाचलं आणि चहा गार झाला. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: गावच्या विठ्ठल मंदिराच्या सभामंडपातले चार भोंगे उतरवले, पावणेचार लाखांचे दोन डिजिटल कॉलम, म्हणजे उभे लांबट स्पीकर, बसवले, आणि आता "आवाज हाय खरं जीव न्हाई". शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसलोय: "कॉम्प्युटरनं आवाज वळवायचं म्हणजे साउंडवाल्यांनी गावाला घातलेली टोपी."

मी बावीस वर्षं बेळगावच्या टिळकवाडीपासून खानापूरपर्यंत टोप्या घालत फिरतोय, तेव्हा उत्तर मीच देतो.

कॉलममध्ये सोळा लहान स्पीकर एकाखाली एक असतात. प्रत्येकाला वेगळा ॲम्प्लिफायर आणि वेगळा उशीर. दोन स्पीकरांत १० सेंटिमीटर अंतर आहे आणि आवाज १० अंश खाली झुकवायचाय, तर खालच्या प्रत्येकानं आपल्या वरच्यापेक्षा ५० मायक्रोसेकंद उशिरा बोलायचं, म्हणजे सेकंदाचा वीस हजारावा भाग. बास, कॉलम भिंतीला ताठ उभा आणि आवाज वाकून सतरंजीवर. भोंगा वाकवायला शिडी लागायची, इथं लॅपटॉप लागतो. यात टोपी कुठली?

आणि मंडप तुम्ही कसा बांधलाय? वर स्लॅब, खाली ग्रॅनाइट, भिंतींना टाइल्स. विजापूरचा गोलघुमट गावात आणलात आणि नाव कॉलमचं!

सप्तेकरी:
माऊली, तुमचं मायक्रो का फायक्रो सेकंद तुमच्याजवळ ठेवा. मी चाळीस वर्षं सप्त्यात विणा धरलोय. भोंगा होता तवा पहाटेचा काकडा मलप्रभेच्या पलीकडं शेतात ऐकू जायचा, आणि शब्द न् शब्द कळायचा. आता मी धाव्या वळीत बसतो, महाराज "माझ्या" म्हणाले का "तुझ्या" म्हणाले ते शेजारच्याला विचारावं लागतंय. तो बसवणारा एका दुपारी आला, मोबाइलवरनं एक हिंदी गाणं लावला, फोटो काढला, "सेटिंग झालं" म्हणाला आणि गेला. मंडपात मी, पुजारी आणि एक कुत्रं. आमचं कीर्तन त्यानं आजवर ऐकलेलं न्हाई.

सिमेंट_काँक्रीट:
मी येळ्ळूरचा, सध्या पुण्यात. सप्तेकरींनी नकळत मुद्द्याची गोष्ट सांगितली: मंडप रिकामा होता.

समजा मंडप २० मीटर लांब, १२ रुंद, ६ उंच. दारं-खिडक्या उघड्या धरल्या तरी असल्या दगडी खोक्यात आवाज विरायला साधारण ५ सेकंद लागतात. त्यात दोनशे माणसं बसली की तेच पावणेदोन सेकंदांवर येतं, कारण माणूस आणि त्याचे कपडे आवाज पितात. हार्वर्डच्या वॉलेस सॅबाइननं १८९५ च्या सुमारास एका व्याख्यानगृहात शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून टाकल्या आणि हेच मोजलं. तुमच्याकडे गादीऐवजी घोंगड्या. कुत्र्यासमोर केलेलं सेटिंग दोनशे वारकऱ्यांना कसं चालेल?

तारवाला:
हेच! कॉलमनं स्लॅबवर आवाज फेकला नाही की घुमायला माल कमी मिळतो. भोंगे चारी दिशांना माल पुरवायचे.

डावी_पुडी:
तारवाला, अर्धंच सांगताय. मी मृदंग वाजवतो. तुमच्या दीड मीटर कॉलमला शंभर हर्ट्झचा खर्ज वळवता येतो का ते लिहा. येत नाही. त्या लहरीची लांबीच ३.४ मीटर, ती कॉलमला भीक घालत नाही. कणीक लावून बांधलेल्या डाव्या पुडीचा घुमारा जातो कुठंही. वरच्या टोकाला, बारीक आवाजाचंही तेच. स्पीकरांमधलं अंतर लहरीच्या निम्म्याहून जास्त झालं की भलत्या दिशेला फाटे फुटू लागतात. मग मधला महाराजांचा आवाज सरळ जातो, माझा ठेका खालून पसरतो आणि टाळ माळ्यावर बसलेल्या पोरांना जास्त ऐकू येतो. एका कीर्तनाचे तीन तुकडे! आणि वर "आवाज वळवला".

तारवाला:
तुमच्या पुडीला मी वेगळा बेस लावून देतो म्हटलं की मंदिरवाले म्हणतात, "डीजे नको." मी काय करू?

डावी_पुडी:
मृदंगासमोर एक माइक धड लावा. मागल्या वर्षी एका ऑपरेटरनं माझ्या दोन्ही पुड्यांना मिळून एक कॉलर माइक लावला. कॉलर माइक! मृदंगाला गळा असतो का?

निपाणीकर:
डीजेचा विषय निघालाच आहे तर. विसर्जनाला बंदोबस्तात उभं राहून माझ्या भावाचे कान आठ दिवस वाजत होते. २००० सालच्या नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल लिहिलेत, रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद. वळणारे स्पीकर आले की मिरवणुकीचा आवाज मिरवणुकीतच राहील, असं मला एका विक्रेत्यानं सांगितलं होतं. डावी_पुडींनी आत्ता सांगितलं ते खरं असेल तर तो मला शेंडी लावत होता. खिडक्या वाजवतो तो बेसच.

तारवाला:
बेसलाही मागे जाण्यापासून अडवता येतं. पेट्या मागेपुढे ठेवून, मागच्या पेटीला उशीर देऊन आणि तिची लहर उलटी करून. त्याला जागा लागते आणि डोकं लागतं. ट्रॅक्टरवर दोन्हीला जागा नसते.

आक्का_अनगोळ:
तुम्ही सगळे पुरुष मधल्या चौकात बसून भांडताय. आम्ही बायका डाव्या हाताला, दोन खांबांच्या मागं. भोंग्यालाही ऐकू येत नव्हतं, कॉलमलाही येत नाही. खांबाभोवती आवाज वळवणारं यंत्र निघालं की कळवा.

तारवाला:
आक्का, ते या यंत्राचं काम नाही, हे कबूल. हे फक्त वर-खाली वळवतं. आडवं जसं पसरायचं तसं पसरतं. यावर बोलू.

सप्तेकरी, उपाय सोपा आहे. भरल्या मंडपात प्रोसेसर, म्हणजे कॉलमचं सेटिंग ठेवणारं यंत्र, उघडायचा आणि झुकाव नीट करायचा. लॅपटॉप लावा, मी फोनवरून सांगतो.

सप्तेकरी:
उघडत न्हाई. पासवर्ड मागतंय. बसवणारा पासवर्ड देत न्हाई.

तारवाला:
का देत नाही?

सप्तेकरी:
ते वेगळं.

तारवाला:
बाकी किती ठेवलीय?

सप्तेकरी:
तो विषय वेगळा म्हणतोय न्हवं.

तारवाला:
विषय तोच आहे माऊली! ॲडव्हान्स पाच हजार, "बाकी विसर्जनानंतर बघू की ओ." पहाटे कपिलेश्वरच्या तलावावर गणपती बुडतो आणि त्याच्यासोबत माझं बिलही बुडतं. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष फोन उचलत नाही, खजिनदार गोव्याला. एका मंडळाकडं तात्पुरत्या जोडणीचा न्यूट्रल सुटला, सिंगल फेजवर चारशेच्या घरात व्होल्टेज चढलं आणि माझ्या डिजिटल मिक्सरचा पॉवर सप्लाय धुरात गेला. त्यांनी काय केलं? "कार्यक्रम अर्धाच झाला" म्हणून भाडं अर्धं कापलं. वर नारळ आणि शाल दिली. माझ्याकडं अकरा शाली आहेत.

हिशेबनीस:
मी एका मंडळाचा खजिनदार, गोव्याला गेलेलो नाही. दुसरी बाजूही ऐका. कोटेशनवर आठ टॉप स्पीकर लिहून सहा आणणारा कोण? मी रात्री साडेअकराला टॉर्च घेऊन मोजलेत. पावती मागितली तर "पावती कशाला साहेब, घरचंच काम." मग सभेत शंभर वर्गणीदार मला विचारतात, पैसे कुठं गेले. आणि पासवर्ड अडवून ठेवणं म्हणजे खंडणी. घर बांधून किल्ली न देणाऱ्या गवंड्याला काय म्हणाल?

तारवाला:
पैसे न देणाऱ्या घरमालकाला काय म्हणाल?

हिशेबनीस:
शेवटचा हप्ता काम बरोबर झाल्यावर असतो. इथं काम बरोबर झालंय का? धागा कशावर सुरू झाला ते वर जाऊन वाचा.

तारवाला:
पासवर्डाशिवाय बरोबर होणार नाही, आणि बरोबर झाल्याशिवाय हप्ता नाही. छान! बसा मग सप्ताभर गोलघुमटात.

डावी_पुडी:
तुम्ही दोघं हजार-लाखात भांडा. मृदंगवाल्याला एसटीचं भाडं आणि नारळ. माझ्याकडं शालसुद्धा नाही.

सिमेंट_काँक्रीट:
पासवर्डाबद्दल माझं मत: झुकाव आणि पातळी गावाच्या हातात असावी, मर्यादा आणि संरक्षण बसवणाऱ्याकडं कुलूपबंद. नाहीतर लग्नाच्या वरातीला कुणीतरी लिमिटर, म्हणजे आवाजाची मर्यादा, काढतो आणि सगळे स्पीकर जाळतो.

हिशेबनीस:
हे पटण्यासारखं आहे. तारवालांनी म्हटलं असतं तर पटलं नसतं.

निपाणीकर:
सप्तेकरी कुठं गेले?

सप्तेकरी: (दोन दिवसांनी)
हाय. कमिटी बसली होती. चाळीस हजार बाकी होते. सांगाय लाज वाटत होती, कारण ते पैसे मंडपाच्या रंगाला घातलो. आता पंचवीस दिलो. पासवर्ड आलाय. तारवाला, बोलायलैत तर येऊन दाखवा. पारायण चालू हाय, रात्री मंडप भरलेला असतो.

तारवाला: (शुक्रवारी)
काल जाऊन आलो. लिहितो, कारण माझंही एक चुकलं.

पहिलं, झुकाव. मशीनमध्ये खुर्चीवर बसलेल्यांचं सेटिंग, कान १.२ मीटरवर. वारकरी सतरंजीवर, कान ८० सेंटिमीटरला. शिवाय लांबी ३० मीटर भरलेली, म्हणजे आवाज सगळ्यांच्या डोक्यावरून जाऊन मागच्या भिंतीला थडकत होता. कॉलमपाशी उभ्या असलेल्या महाराजांना तो वीस मीटर जाऊन, वीस मीटर परत येऊन, सेकंदाच्या नवव्या भागानं उशिरा ऐकू यायचा. म्हणून ते ओरडत होते. स्वतःशीच.

दुसरं, आणि यावर सप्तेकरींची क्षमा मागायला हवी. "जीव न्हाई" हे मी म्हाताऱ्याचं रडगाणं समजलो होतो. शिट्टी दाबणारं यंत्र चालू होतं. स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरला की वाजते ती शिट्टी. म्हणजे आपोआप शिट्टी ओळखून तेवढा स्वर कापणारं. महाराजांनी अभंगात एक स्वर लांबवला की यंत्राला वाटायचं शिट्टी आली, आणि तो स्वर कापायचं. काल मी बघितलं तेव्हा त्यांच्या माइकवर बारा कापण्या साठल्या होत्या, बाराच्या बारा गळ्याच्या पट्टीत. जीव खरंच कापलेला होता. सगळ्या पुसल्या, माइक तोंडाजवळ आणला, ते यंत्र बंद केलं. शिट्टी एकदाही आली नाही.

डावी_पुडी:
आणि मृदंग?

तारवाला:
दोन पुड्यांना दोन माइक. घुमारा मात्र अजून कुठंही जातो, तुम्ही म्हणालात ते खरं. लिहून घ्या, परत म्हणणार नाही.

सप्तेकरी:
काल "पुंडलीक वरदे" म्हणाले ते धाव्या वळीत पुरं ऐकू आलं. बरं झालंय. भोंग्याएवढं मोठं न्हाई. नदीपलीकडनं एकजण आला, सप्ता बंद केलात का म्हणून विचारलाय.

निपाणीकर:
नियमाप्रमाणे त्याला ऐकू यायलाच नको होतं.

सप्तेकरी:
नियम त्याला सांगा जावा. भोंगे माळ्यावर ठेवलोय, विकणार न्हाई.

आक्का_अनगोळ:
खांबाचं काय झालं?

तारवाला:
मागच्या खांबाला एक लहान पेटी लावू. कॉलमपासून ती १२ मीटरवर, आवाजाला तिथं पोचायला ३५ मिलिसेकंद लागतात. पेटीला ४५ चा उशीर दिला की कॉलमचा आवाज आधी पोचेल आणि कानाला वाटेल, महाराजच बोलतायत. १९४९ साली हास नावाच्या जर्मन माणसानं हे तपासलंय. पेटी, केबल, मजुरी धरून आठ हजार.

हिशेबनीस:
पावतीसह?

तारवाला:
पावतीसह.

आक्का_अनगोळ:
काल्याच्या आधी लावा.

सप्तेकरी:
लावूया की आक्का. खरं आधी त्या बसवणाऱ्याचे पंधरा हजार जाऊ देत. काल परत फोन आला होता त्याचा.