मुक्काम ठरवताना किलोमीटर नाही, तास मोजा
सायकलवरून अनेक दिवसांच्या प्रवासाला निघताना रोज १२० किमी धरून सगळे मुक्काम आधीच बुक करावेत का, तर माझं मत नको. समोरून वारा आला की ताशी २५ किमीचा स्पीड १५ वर येतो आणि मग शेवटचे ३० किमी अंधारात मारायला लागतात, ते फार धोक्याचं. पहिल्या दोन रात्री बुक करा, पुढे रोज दुपारी फोन करून ठरवा, आणि ठरलेल्या गावाच्या २०-२५ किमी अलीकडे एक पर्यायी जागा हेरून ठेवाच. घाटाच्या दिवशी अंतर निम्मं धरा.
खाण्याचं म्हणाल तर भूक लागायची वाट बघू नका हो, तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्स (भात, पोळी, केळी, साखर यांतली कर्बोदकं) पोटात जायलाच हवेत. सायकल ठेवायला आत जागा आहे का हेही फोनवरच विचारून घ्या.